काकांची झोप

बाई, परवा काकांकडे जाऊन आले. तुमचं स्वयंपाकघर आता ओळखू येत नाही. ओटा काळ्या ग्रॅनाइटचा झालाय, आणि पिठाच्या डब्याला टेकवून तुम्ही तानपुरा ठेवायच्या तिथे वॉशिंग मशीन घुरघुरत असतं. काका नव्वदीला टेकलेत. दोन्ही कानांत यंत्रं आहेत, तरी समोरच्याचं अर्धंच कळतं आणि उरलेलं ते स्वतःच्या मनाने भरून काढतात. तुमची सून त्यांच्यावर ओरडत नाही, जवळ जाऊन बोलते, हे तुम्हाला आवडलं असतं. तुम्हाला पत्र लिहायची माझी ही पहिलीच वेळ. तुम्ही होतात तेव्हा गरज पडली नाही, दोन रस्ते ओलांडले की तुमचं घर. आणि नंतर पत्ता उरला नाही. पण परवा काका जे बोलले ते पोटात राहीना, म्हणून बसलेय लिहायला.

झालं असं की माझी नवी कादंबरी ऐकायच्या पुस्तकाच्या रूपात निघणार आहे. हल्ली लोक स्वयंपाक करताना, गाडी चालवताना पुस्तकं ऐकतात. पुण्याच्या प्रकाशकांनी एक नटी ठरवली होती, तिचा आवाज फार चांगला, चढा आणि खणखणीत. मी म्हटलं, मीच वाचते. मग प्रकाशकांकडची मुलगी अदबीने म्हणाली की मॅडम, एक प्रकरण रेकॉर्ड करून पाठवा, मग ठरवू. तिच्या त्या अदबीवरून मला कळलं की उत्तर ठरलेलंच आहे. आणि मला ते पुस्तक कुणाच्याही तोंडी द्यायचं नव्हतं. इतर पुस्तकांचं काही वाटलं नसतं, पण हे तुमच्या स्वयंपाकघरातून निघालंय. ते खणखणीत वाचलं की मोडलं.

आईने मला तुमच्याकडे आणलं तेव्हा मी सहावीत होते. सटाण्याहून शिकायला म्हणून नाशिकरोडला मामाकडे ठेवलेली, गावाच्या आठवणीने रडून रडून मामीच्या नाकी नऊ आणलेले. गाते तेवढा वेळ रडत नाही, एवढ्याच कारणासाठी आई मला घेऊन आली होती. दारातूनच तिने आमच्या अहिराणीत सांगितलं, "बाई, हिना गया बरा शे. आयकी तर दखा." तुम्हाला ती भाषा येत नव्हती, पण आईचा हात माझ्या गळ्यावर होता, त्यावरून 'हिचा गळा चांगला आहे, ऐकून तर बघा' एवढं समजलात. मी लगेच तोंड उघडलं, शाळेत प्रार्थना म्हणायचे तशी, पार गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात. तुम्ही ओठांवर बोट ठेवलंत. "हळू. हे झोपलेत." तुम्ही मला शिकवलेली पहिली गोष्ट ती.

काका प्रेसमध्ये रात्रपाळीला. सकाळी यायचे, चहा घ्यायचे आणि बाहेरच्या खोलीतल्या खाटेवर भिंतीकडे तोंड करून आडवे व्हायचे. घर दोन खोल्यांचं, म्हणून क्लास स्वयंपाकघरात. तुम्ही भाजी निवडताय, मी मांडी घालून खाली बसलेय, आणि दोघी खर्जात सा लावून आहोत. कुकरची शिट्टी होणार असं वाटलं की तुम्ही सूर न सोडता हात लांब करून सांडशीने ती अलगद उचलायच्या, वाफ फुसकन निघून जायची. दुसऱ्या क्लासच्या मुली महिन्याभरात वरच्या सा पर्यंत जाऊन आल्या आणि मला शाळेत वाकुल्या दाखवू लागल्या. मी आपली वर्षभर खाली. बाहेरच्या खोलीकडचं दार ओढलेलं असायचं, पण पूर्ण लावू द्यायच्या नाहीत. एकदा मी शहाणपणा करून कडी घातली, तर तुम्ही उठलात, कडी काढलीत आणि फटीत वरवंटा ठेवलात. स्टोव्हचा वास कोंडतो, म्हणालात. पुढे वरवंटा लावायचं काम माझ्याकडेच आलं.

शाळांच्या गायनस्पर्धेत व्हायचं ते झालं. एवढा मोठा हॉल, शेवटपर्यंत भरलेला, आणि मी डोळे मिटून तुमच्या स्वयंपाकघरात गायल्यासारखी गायले. तिसऱ्या रांगेच्या पुढे कुणाला काही ऐकू गेलं नाही. परीक्षकांनी माईकवर सांगितलं की सूर चांगला आहे, पण आवाज लहान आहे. मी बाहेर येऊन हमसून हमसून रडले. तुम्ही मला भेळभत्ता घेऊन दिलात, मिरची बाजूला काढलीत आणि माझं रडं ओसरेपर्यंत थांबलात. मग म्हणालात, "लहान नाहीये तुझा आवाज. हळू आहे. मोठा करायचा तर दुसरीकडे क्लास लाव, आमच्याकडे नाही जमायचं. हे झोपलेले असतात." मला तुमचा इतका राग आला होता. एवढी मोठी बाई आणि नवऱ्याच्या झोपेपुढे हिला माझ्या गाण्याचं काही नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मी वरवंटा लावत होते. कारण रागावलं तरी सूर जिथे लागतो तिथेच माणूस जातं.

आणि ती खंडेनवमी. मी आठवीत असेन. घरोघरी हत्यारं-अवजारं धुऊन पुसून पुजायचा दिवस. तुम्ही झेंडू आणायला खाली उतरलात आणि मला म्हणालात, तानपुरा पुसून ठेव. मी पुसला, अगदी मन लावून. तारा जिथे टेकतात त्या घोडीवर, चारी तारांखाली मळकट दोऱ्यांचे तुकडे अडकलेले दिसले, तेही मी ओढून काढले आणि केरात टाकले. तुम्ही येऊन माळ घातलीत, कुंकू लावलंत, सवयीने तारेवरून बोट फिरवलंत, आणि थांबलात. तानपुरा मुका झाला होता. तारा वाजत होत्या, पण तो जो मागून येणारा गुंजारव असतो तो गेला होता. एरवी तुम्ही कधी ओरडला नाहीत, त्या दिवशीही ओरडला नाहीत, पण तुमचे कान लाल झाले. "अगं, ती घाण नव्हती. ती जवारी होती." मग तुम्ही सुताच्या रिळाचा दोरा दातांनी तोडलात आणि एकेका तारेखाली सरकवायला लागलात. मला जवळ बसवून ऐकायला लावलंत. दोरा जरा इकडे, काही नाही. जरा तिकडे, काही नाही. मग केसभर सरकला आणि तार एकदम बोलायला लागली, खोलीभर झाली. उरलेला दोरा तुम्ही माझ्या मनगटाला गुंडाळलात आणि म्हणालात, आता पुसताना डोळे वापर, आणि कानही. तो दोरा मी विटून तुटेपर्यंत हातात ठेवला होता.

लिहिते म्हणजे मी तेच करते, बाई. लोकांना हे सांगायला गेले तर मुलाखतीत बरं दिसणारं वाक्य होतं, म्हणून कुणाला सांगत नाही. वाक्य लिहिलं की हळू आवाजात म्हणून बघते. मुकं वाटलं तर त्याच्याखाली काहीतरी सरकवते, कधी एक 'तर', कधी नुसता थांबा, आणि बोलायला लागेपर्यंत इकडेतिकडे करत राहते. एका कादंबरीला अशी वर्षं जातात. प्रकाशक वैतागतात. समीक्षक लिहितात की हिची पुस्तकं दबक्या आवाजातली आहेत, आणि ते खटकतं, कारण पुन्हा तेच, लहान आणि हळू यातला फरक कुणाला कळत नाही. पण खरी बोच वेगळीच. तुमच्या शेवटच्या आजारात मी भेटायला आले होते. तुम्ही विचारलंत, "गाणं सोडलंस?" मी म्हटलं, लिहिते. तुम्ही काही बोलला नाहीत, पांघरुणाची कड नीट करत राहिलात. तुम्ही गेलात तेव्हा माझं पहिलं पुस्तक छापखान्यात होतं. त्या गप्प बसण्याचा अर्थ मी इतकी वर्षं लावत आलेय. मी तुमचं गाणं वाया घालवलं, असाच तो बहुतेक वेळा लागायचा. तुमच्यानंतर मी कुणासमोर गायले नाही.

तर कॉलेज रोडवरच्या स्टुडिओत जाऊन मी ते प्रकरण वाचलं. काचेपलीकडचा रेकॉर्डिस्ट भला माणूस, पण दर दोन मिनिटांनी हात वर करायचा. "मॅडम, लेव्हल येत नाहीये. जरा मोठ्याने." मी मोठ्याने वाचलं की वाक्यं खोटी व्हायची, हळू वाचलं की त्याचा हात वर. शेवटी तो दमला आणि मीही. जे झालं ते प्रकाशकांना पाठवलं. चार दिवस फोन नाही. तेव्हा मी फोनमध्ये ते रेकॉर्डिंग घेऊन काकांकडे गेले. ज्यांना ऐकूच येत नाही त्यांच्याकडे कशाला, असं तुम्ही विचाराल. मला वाटतं त्या घरात एकदा वाजवून बघायचं होतं, दुसरं काही नाही.

काकांना काय आणलंय ते सांगेपर्यंत सुनेची आणि माझी पुरेवाट झाली. मग तिलाच सुचलं. ती घरून ऑफिसचं काम करते, तिचा हेडफोन तिने आणला, काकांच्या कानातली यंत्रं काढली आणि तो त्यांच्या डोक्यावर बसवून आवाज पूर्ण वाढवला. काका खुर्चीवरून उठले. मला वाटलं, नको झालं. पण ते खाटेवर गेले आणि भिंतीकडे तोंड करून आडवे झाले, तसेच, गुडघे जरा पोटाशी घेऊन. पूर्ण प्रकरण संपेपर्यंत हलले नाहीत. मी सुनेला खुणेने विचारलं, झोपले का. ती वाकून बघून आली आणि तिने मान हलवली. डोळे उघडे होते.

उठून बसल्यावर म्हणाले, "तोच आवाज आहे गं." मग कुणी काही विचारलेलं नसताना सांगायला लागले. की क्लास चालू असेस्तोवर ते कधी झोपलेच नाहीत. रात्रभर मशीनच्या धडधडाटात उभं राहिल्यावर ते खर्जातलं ऐकलं की कान धुऊन निघायचे. तुमचा शेवटचा सा होऊन मी चपला घातल्या की मग त्यांचा डोळा लागायचा. "उठून बसलो असतो तर हिने लाजून क्लासच बंद केला असता. म्हणून पडून राहायचो." मी त्यांच्या पायांशी बसून राहिले. तेच पुढे म्हणाले, "एक चुकलंय पण. त्या बाईने सा लावला, असं तू नुसतं सांगतेस. लावत का नाहीस?"

काल मी पुन्हा स्टुडिओत गेले. ते प्रकरण पहिल्यापासून वाचलं, माझ्याच आवाजात. त्या वाक्याशी आले आणि थांबले, आणि खर्जातला सा लावला. आधी जरा घोगरा लागला, साठीकडे झुकलेला गळा आहे, मग बसला. मी तो पुरेपूर धरला. डोळे उघडले तर रेकॉर्डिस्टचा हात वर नव्हता. तो उठून एसी बंद करत होता. मग आत आला, माईक माझ्या तोंडाजवळ ओढला आणि म्हणाला, "मॅडम, तुम्ही आहात तशाच वाचा. मी जवळ येतो." आज दुपारी पुण्याहून फोन आला. ती मुलगी म्हणाली, तिने ते बसमध्ये ऐकलं आणि तिचा स्टॉप मागे गेला. तेव्हा पूर्ण पुस्तक मीच वाचणार आहे, बाई. आणि जिथे जिथे ती बाई गाते, तिथे तिथे मी गाणार आहे. त्यासाठी उद्यापासून सकाळचा रियाज पुन्हा धरतेय. तुम्ही विचारलं होतंत ना, त्याचं उत्तर तेव्हा नीट देता आलं नाही. सोडलं नाही.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, आणि खरं तर लिहायचंही नव्हतं. निघताना काकांनी माझा हात धरून, तुम्ही आत ओट्याशीच असल्यासारखं, बजावलं होतं, मी जागा असायचो हे हिला कधी कळू देऊ नकोस, एवढी वर्षं जपून गायली ती, तिला वाईट वाटेल. मी हो म्हटलं. मग जिना उतरताना मला वरवंटा आठवला. आणि ओट्यावरची खिडकी आठवली, जी क्लासच्या वेळी सताड उघडी असायची आणि जिच्यातून स्टोव्हचा सगळा वास बाहेर जायचा. मग दाराची ती फट कुणासाठी होती? मी पायरीवर थांबले. परत वर जाऊन सांगावं असं फार वाटलं. पण तुम्ही दोघांनी एवढं जपलेलं मी कशाला मोडू. दाराचं मी काकांना बोलले नाही.