गुरुवारची गाडी

४ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

फोनवर तू अर्धं ऐकतोस आणि उरलेल्या अर्ध्यात उपदेश करतोस, म्हणून लिहायला बसले. आमची लॅब हलतेय. दवाखान्यामागच्या गल्लीतून थेट एक्केचाळीस किलोमीटरवर, शहराबाहेरच्या कारखान्यांच्या वसाहतीत. एक एप्रिलपासून. मालकीणबाईंनी सगळ्यांना उभं करून सांगितलं की दातांचे साचे साडेआठला येतात, साडेआठला जो जागेवर असेल तो आपला. एकोणीस वर्षं कवळ्या घडवल्या आणि आता नोकरी बसच्या वेळापत्रकावर टांगलीय. दोन बस बदलून जायचं तर पहाटे पावणेसहाला घर सोडावं लागेल, आणि दुसरी बस आठवड्यातून दोनदा येतच नाही म्हणतात.

तेव्हा छोटी, जुनी गाडी घेणार. तीन पाहिल्या. पहिलीत इतकं अत्तर मारलं होतं की मला आधी पायपुसण्यांखाली हात घालावासा वाटला. घातला, तर खाली ओल. दुसरीचं एक दार वेगळ्या छटेचं. मालक शपथा घेत होता, पण दाताला दात जुळवण्यात माझा जन्म गेला, दार नंतर बसवलंय हे मला कोणी सांगायला नको. तिसरी बरी वाटते. बिस्किटी रंग, नऊ वर्षांची, एकाच हातातली. मालक वाहन परवान्याची परीक्षा घेणारे अधिकारी होते, आता निवृत्त. मोतीबिंदूमुळे गाडी विकतायत. काय काय तपासू ते लिही. डेपोच्या वर्कशॉपचा फोरमन भाऊ असून मी फसले तर नाव तुझं जाईल.

आई ठीक. डावी पोटरी दुखते म्हणते; रविवारी मलम चोळून दिलं. पायऱ्या चढल्याने असेल. एक चांगलं झालंय, मावशीकडे कधी नेतेस असं विचारणं तिने बंद केलंय. मला फार अपराधी वाटायचं.

वहिनीला नमस्कार. लोभ आहेच, तो पत्राच्या लांबीतही दिसू दे.

तुझी,
धाकटी


९ मार्च

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

नीट वाच आणि हा कागद बरोबर घेऊन जा. गाडी बघायला सकाळी जा, आणि सुरू करण्याआधी बॉनेटवर हात ठेव. गरम लागलं तर समज की तू येण्याआधी तिला लाडीगोडी लावून जागं केलंय. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढ. पुराच्या पाण्याची रेघ लोक सगळीकडून पुसतात, तिथून पुसत नाहीत. पेडलवरची रबरं बघ. मीटर खोटं बोलेल, रबर बोलत नाही. भिंतीकडेने काच खाली करून चालव, म्हणजे इंजिनाचा आवाज भिंतीवरून परत येतो आणि कुरकुर ऐकू येते. मालकाने प्रवासाची नोंदवही ठेवली असेल तर मागून घे आणि महिन्या-दोन महिन्यांच्या नोंदी मला उतरवून पाठव. गाडी कशी वापरली ते मी इथून सांगेन.

हे निवृत्त परीक्षक म्हणजे कानावर पेन्सिल ठेवणारे, बारीक मिशीचे तर नव्हेत? तेच असतील तर गाडी खात्रीची, माणूस दगड. त्यांनी मला रिव्हर्समध्ये दोनदा नापास केलं होतं. आज दीडशे बस माझ्या सहीने रस्त्यावर जातात, पण ते दोन खांब अजून स्वप्नात येतात.

आईच्या पोटरीचं अंगावर काढू नका, डॉक्टरला दाखव. मावशीकडे मी मे महिन्यात येईन तेव्हा तिला नक्की नेईन. गेल्या मेमध्ये राहिलं, माहीत आहे, आठवण करून देऊ नकोस.

वहिनी म्हणते गाडीला नाव ठेव. तिचं ऐकू नकोस, माझं ऐक. माया आहे तशीच असू दे.

तुझा,
दादा


१६ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तेच ते. कानावर पेन्सिल अजून आहे, मिशी पांढरी झालीय. तुझं नाव काढलं नाही; माझ्या व्यवहारात तुझा रिव्हर्स नको.

तुझा कागद हातात धरून सगळं केलं. बॉनेट थंड. बेल्ट स्वच्छ. भिंतीकडेने आवाज एकसारखा. फक्त क्लचचं रबर बाकीच्यांपेक्षा जास्त झिजलेलं. मी बोट ठेवलं तर त्यांनी आढेवेढे न घेता सांगितलं की गाडीवर एक बाई शिकत होत्या, आणि क्लचप्लेट नवी घातलीय. मग मुख्य गोष्ट सांगितली. त्या बाईंनाच ही गाडी हवीय, आणि पंचवीस तारखेपर्यंत त्यांना शब्द दिलाय. त्या नको म्हणाल्या तर माझी. मी विचारलं, बाई नोकरी करतात का. ते म्हणाले नाही, वय झालंय त्यांचं. खरं सांगते, मला राग आला. इथे माझ्या पोटाचा प्रश्न आणि कोणा आजीबाईंची म्हातारपणची हौस. तसं मी बोलूनही दाखवलं. ते पेन्सिल काढून परत कानावर ठेवत राहिले. नोंदवही मात्र विश्वासाने घरी नेऊ दिली.

इथवर लिहून झालं आणि तुझ्यासाठी नोंदी उतरवायला वही उघडली. आता पुढचं बसून वाच. मी जशाच्या तशा उतरवतेय.

गुरुवार, ११ जानेवारी. घर ते टाकीसमोरचं निळं फाटक, तळ्याचा रस्ता सहा फेऱ्या, निळं फाटक, घर. ३४ कि.मी. शेरा: क्लच सोडण्यात घाई. गाडी नऊ वेळा बंद. बाई हसल्या.

गुरुवार, २५ जानेवारी. निळं फाटक, तळं, आठ फेऱ्या. ३८ कि.मी. शेरा: तिसरा गिअर आला. डावी पोटरी दुखते म्हणाल्या. थांबू का विचारलं, नको म्हणाल्या.

गुरुवार, ८ फेब्रुवारी. निळं फाटक, तळं, बाजार, निळं फाटक. ४१ कि.मी. शेरा: बाजारात ट्रकवाल्याने हॉर्न मारला. बाईंनी काच खाली करून त्याला दमाने घ्यायला सांगितलं. 

गुरुवार, २२ फेब्रुवारी. निळं फाटक, परीक्षेचं मैदान. २९ कि.मी. शेरा: पहिल्या खेपेला पास. रिव्हर्स निर्दोष.

दादा, पाण्याच्या टाकीसमोर निळं फाटक एकच आहे. डेपोतला उरलेला रंग आणून आईचं ते फाटक तूच रंगवलंस.

मी त्या पोटरीला मलम चोळत होते. पाय कशाने दुखतोय ते आईने सांगितलं नाही, नुसती डोळे मिटून बसली होती. आणि मी त्या माणसासमोर आजीबाईंची हौस म्हणाले. काय करू ते लगेच लिही.

धाकटी


१८ मार्च

चि. धाकटीस,
आशीर्वाद.

पत्र वर्कशॉपमध्ये मिळालं. टायरवर बसून तीनदा वाचलं. मग घरी वहिनीला दिलं. ती रिव्हर्सच्या ओळीला आली आणि जी हसायला लागली ती जेवण झालं तरी थांबेना. मला हसू आलं नाही. मला घाम फुटला.

आई सदुसष्ट वर्षांची आहे. तिने आयुष्यात शिलाईच्या यंत्राशिवाय दुसरं काही पायाने चालवलेलं नाही. तळ्याच्या रस्त्याला कठडा नाही. आपण दोघं जिवंत असताना तिला एवढं काय अडलं की परक्या माणसाकडे जावं, आणि तेही त्याच माणसाकडे?

तू एक कर. पंचवीसच्या आत जाऊन गाडी पक्की कर. त्यांना सांग की मी त्यांची मुलगी, घरातच गाडी जातेय, शब्द मोडला असं होत नाही. आईला वहीबद्दल काही कळू देऊ नकोस. गाडीच नसेल तर परवाना पेटीत पडून राहील आणि आपण निर्धास्त. तुझीही नोकरी सुटत नाही. एका दगडात दोन पक्षी म्हण. तिच्या भल्याचंच आहे.

उलट टपाली कळव. ममता आहे म्हणूनच असा बोलतोय.

दादा


२२ मार्च

चि. दादा आणि चि. धाकटी,
दोघांना अनेक आशीर्वाद.

एकच पत्र दोन पाकिटांत घालतेय, म्हणजे कोणाला काय लिहिलं यावर तुम्हाला फोन करत बसावं लागणार नाही.

काल गुरुवार. परीक्षक आले आणि म्हणाले, एक बाई गाडी पाहून गेल्या होत्या. त्यांनी बॉनेटवर हात ठेवला, बेल्ट पार शेवटापर्यंत ओढला आणि पेडलच्या रबरांना नखाने टोकरून पाहिलं. त्या बाई काय काम करतात ते सांगायच्या आतच मी ओळखलं. अशी गाडी बघणारी मुलगी आणि तिला असं सांगणारा मुलगा, दोन्ही माझ्याच पोटचे. मग ते म्हणाले, त्या बुधवारी परत आल्या, वही ठेवली आणि गाडी नको म्हणाल्या. नोकरीचं काय करणार विचारलं तर म्हणाल्या, बसने जाईन, त्या बाईंना गाडीची जास्त गरज आहे. 

धाकटे, तुला कसली गरज ते माहीत नसताना तू असं म्हणालीस. म्हणून आता सांगते. 

मावशी त्या वृद्धाश्रमात गेली त्याला चौदा महिने झाले. तुम्ही मला दोनदा नेलंत. तक्रार नाही, तुम्हाला कामं आहेत आणि तिकडे बस जात नाही. पण नोव्हेंबरात तिथल्या परिचारिकेने मला सांगितलं की एरवी काही न आठवणाऱ्या मावशीचं डोकं तीन दिवस अगदी लख्ख होतं. तीन दिवस ती खिडकीशी खुर्ची लावून माझी वाट बघत बसली होती. माझ्या माहेरच्या नावाने हाका मारत होती. मी त्या तीन दिवसांत इकडे रविवारची वाट बघत होते. रविवारी धाकटीकडे पाहुणे आले. त्यानंतर मावशीने मला हाक मारलेली नाही.

हे तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही रडला असता, आणि पुढच्या रविवारी पुन्हा काहीतरी निघालं असतं. मी रडून झाल्यावर परीक्षकांना विचारायला गेले. त्यांनी आधी नाही म्हटलं. मी त्यांच्या पायरीवर बसून राहिले. 

गाडी मी काल घेतली. माझ्या बांगड्या माझ्या होत्या, त्याबद्दल कोणी बोलायचं नाही. धाकटीची वसाहत आणि मावशीचा आश्रम एकाच रस्त्यावर आहेत, आश्रम बारा किलोमीटर पुढे. मी परीक्षकांच्या नकाशावर पाहिलं. तेव्हा असं ठरलं. गाडी निळ्या फाटकाशी राहील. गुरुवार सोडून ती धाकटीची. गुरुवारी माझी. त्या दिवशी धाकटीने सव्वासातला हजर व्हायचं, शेजारच्या सीटवर बसायचं आणि दार आपटायचं नाही.

दादा, मे महिन्यात मावशीसाठी म्हणून येऊ नकोस. मला भेटायला ये. स्टेशनवर घ्यायला मी येईन. रिव्हर्स पक्का करायचा असेल तर परीक्षक मोकळेच असतात.

तुम्ही माझे आहातच. त्यापेक्षा जास्त काय लिहू.

आई


५ एप्रिल

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं उत्तर आलं नाही, म्हणजे आईचं पत्र तुलाही माझ्यासारखंच लागलं. नोव्हेंबरातल्या त्या रविवारी पाहुणे कोण आले होते ते मला दोन आठवडे आठवत नाहीये. आठवावं असं कोणी नसणार. तुझं अठरा तारखेचं पत्र मी आईला दाखवलेलं नाही. फाडलंही नाही. पुढे कधी तुझी जिरवायला लागेल.

गाडीचे कागद आईच्या नावावर होईतो मधला गुरुवार गेला; काल पहिला. उशीवर उशी ठेवून आई चाकामागे बसली, आरसा हलवला, आणि मला म्हणाली की तोंडाने काही सुचवायचं असेल तर मागच्या सीटवर बस. मी बेल्ट लावला. शहर सुटेपर्यंत मी दाराची मूठ सोडली नाही. मग हळूहळू कळलं की ती आपल्या दोघांपेक्षा चांगली चालवते. तू चालवतोस तेव्हा रस्त्याशी भांडतोस. ती रस्त्याला वाट पुसत जाते. आठ वाजून बावीस मिनिटांनी मी लॅबच्या दारात होते. फाटकात दोन ट्रक समोरासमोर उभे होते. त्यांच्या मधून आईने एका दमात गाडी मागे घेतली आणि गेली. साचे घेऊन आलेला माणूस साचे हातात धरून बघत राहिला. मालकीणबाईंनी विचारलं, ड्रायव्हर ठेवलीस का. मी म्हणाले, आई आहे. त्यांनी चष्मा काढला आणि पुसला.

संध्याकाळी ती वीस मिनिटं उशिरा आली. त्या वीस मिनिटांत मी तळ्यातल्या, खांबावरच्या, ट्रकखालच्या सगळ्या गाड्या पाहून घेतल्या. ती आली ती शांत. मी बसल्यावर तिने आरसा नीट केला. मग म्हणाली, मावशीने ओळखलं नाही. 

तीच पुढे सांगायला लागली. मावशी खिडकीशी बसली होती. गाडी आत येताना, वळताना, लावताना तिने बघितली. आई खोलीत गेली तर मावशी म्हणाली की अगं, तू चांगली चालवतेस, कुठे शिकलीस. आई म्हणाली तळ्याकाठी. दोघी दुपारभर गाड्यांवरच बोलल्या. निघताना मावशीने तिचा हात धरला आणि सांगितलं की माझी एक बहीण आहे, तिला इकडे यायला कोणी मिळत नाही. पुढच्या गुरुवारी येशील तेव्हा तिला घेऊन ये. 

आई म्हणाली, आणते. म्हणून वीस मिनिटं उशीर झाला. गाडीत बसून होती, सुरू करायच्या आधी.

परीक्षकांनी नोंदवही गाडीबरोबरच दिलीय. आज सकाळी मी गाडी न्यायला गेले तेव्हा खणातून काढून बघितली. आईचं अक्षर. तुला उतरवून पाठवते, तूच मागितल्या होत्यास नोंदी.

गुरुवार, ४ एप्रिल. निळं फाटक, कवळ्यांची लॅब, बहीण, परत. १०६ कि.मी. शेरा: गाडी एकदाही बंद पडली नाही. शेजारच्या बाईने नसलेला ब्रेक चौदा वेळा दाबला. पुढच्या गुरुवारी बहिणीला न्यायचं आहे.

मे महिन्यात ये. गुरुवार धरून ये. मागच्या सीटवर जागा आहे, आणि माझ्या मनात तुझी आहेच.

तुझी,
धाकटी