मिलुराची मंडळी बंद करतात

रविवार, २ जून

बंद करणार म्हणे! आमची मंडळी, आमचं एवढंसं चर्च! चहा नुकता कपात ओतलेला, आमच्या गाणाऱ्या लोसाची धाकटी दोघं टेबलाखाली बिस्किटं पळवतायत, आणि डेझमंड हेथॉर्न चमच्याने कप वाजवून सांगतात, "मिलुरातल्या या कामाचा हंगाम आता पूर्ण होत आलाय."

हंगाम! आम्ही काय सफरचंदं आहोत?

डेझमंड म्हणजे हॅलोरन स्ट्रीटच्या आमच्या मूळ चर्चच्या कमिटीचे अध्यक्ष. तीन वर्षांपूर्वी याच माणसाने आम्हाला तिथे पुढे उभं करून, डोक्यावर हात ठेवून इकडे पाठवलं होतं. नवी वस्ती उठतेय, माणसं येतायत, तिथे चर्च नाही, दुकान नाही, धड बस नाही — जा! गेलो. शाळेचा हॉल भाड्याने घेतला. दर रविवारी खुर्च्या मांडल्या, दर रविवारी उचलल्या. बास्केटबॉलच्या जाळीखाली प्रभुभोजन घेतलं. माझा नवरा लेस तर म्हणायचा, "तुमचा देव आता थ्रो टाकणार वाटतं." ऐकून घेतलं. आणि आज चहा पिता पिता — हंगाम संपला!

मी विचारलं, "कोणाचा संपला?"

"कमिटीने प्रार्थनापूर्वक निर्णय घेतलाय, नोएलीन."

प्रार्थनापूर्वक! हा शब्द पुढे केला की समोरच्याने तोंड मिटायचं. मी नाही मिटलं. "आम्हीही इथे प्रार्थनाच करत होतो. आम्हाला नाही कोणी असं काही सांगितलं," म्हटलं. म्हातारा वॉल्टर खोकल्याचं सोंग काढून हसला.

कॅमेरन, आमचा पाळक, माझ्या मुलाहूनही लहान — भिंतीला टेकून उभा होता. चेहरा पांढराफटक. त्यालाही ऐन वेळीच सांगितलं असणार! तीन आठवड्यांत शेवटची उपासना. ठरलंसुद्धा!

सोमवार, ३ जून

दिवसभर भांडी आपटली. लेस म्हणाला, "कपबशांनी काय घोडं मारलंय तुझं?"

बुधवार, ५ जून

फार्मसीत काउंटरवर होते, लोसाचा फोन. वृद्धाश्रमातली तिची पाळी आत्ताच संपलेली. "नोएलीन, उद्या संध्याकाळी त्यांची कमिटी बसतेय. आपण जायचं. समोर बसून विचारायचं."

"बोलावलंय कोणी आपल्याला?"

"लग्न आहे का, बोलवायला?"

ही बाई! गायला लागली की हॉलचे पत्रे थरथरतात, आणि चिडली की मी थरथरते. जायचं ठरलं.

गुरुवार, ६ जून

जाऊन आलो. हात अजून थंड आहेत. संतापाने.

लोसा गाडीत बसली ती मांडीवर भलंमोठं पातेलं घेऊन. सापासुई! शेवया, कोंबडी, आलं — सगळ्या गाडीत वास. म्हटलं, "अगं, आपण भांडायला चाललोय!"

"म्हणून काय झालं? सामोआत कोणाच्या दारी रिकाम्या हाताने जात नाहीत. भांडायलासुद्धा."

तर काय — कमिटीचे ते सगळे सभ्य लोक हातात प्लेटी घेऊन बसले, आणि लोसा मध्ये उभी. तोंडात शेवया असताना माणसाला कठोर बोलता येत नाही, हे मी आज पाहिलं. पण त्यांचं ठरलेलं होतं. चष्मेवाल्या एका बाईने ऐकवलं, "वाढ दिसत नाही." वाढ! खरं आहे, कमी झालो. वर्षभरात चार-पाच कुटुंबं हायवेवरच्या त्या मोठ्या चर्चला गेली. तिथे बँड आहे, बाहेर कॉफीची गाडी आहे. हॉल ओका दिसू नये म्हणून मी स्वतः खुर्च्या लांब लांब मांडते. मला काय आकडे शिकवता? पण लोसाच्या वस्तीतल्या चार बाया रात्रपाळी करून, डोळे चोळत थेट उपासनेला येतात, त्या तुमच्या कुठल्या रकान्यात बसतात? वॉल्टर कुठे बसतो?

मी डेझमंडना नेमकं विचारलं, "हे पहिल्यांदा कोणी सुचवलं? नाव सांगा."

"निर्णय कमिटीचा आहे."

"कमिटीला तोंड असतं का? कोणाच्या तोंडून निघालं?"

त्यांनी प्लेट खाली ठेवली. हळूच. "माझ्या तोंडून निघालं असं समजा."

समजा! म्हणजे त्यांचंच! दुसरं कोणाचं असणार? मी म्हटलं, "मग कॅमेरनचं काय? दोन लहान मुलं आहेत त्याला. त्याला रस्त्यावर आणताय, ते तरी कळतंय का?"

"कॅमेरनची काळजी आम्ही घेऊ," म्हणाले आणि खिडकीकडे बघायला लागले. नजर देता आली नाही माणसाला!

निघताना चष्मेवाली बाई लोसाला म्हणाली, "शेवया अप्रतिम होत्या." लोसा गोड हसली. "पातेलं ठेवून जाते. धुऊन मिलुराला आणून द्या. तेवढ्या निमित्ताने का होईना, बघाल तरी आम्हाला."

शनिवार, ८ जून

वॉल्टरकडे गेले होते. नव्या वस्तीत मुलाने घर घेऊन दिलं, आणि मुलगा गेला पर्थला. बायको आधीच वारलेली. डोळ्यांमुळे गाडी चालवणं सुटलं. पहिल्यांदा आमच्या हॉलमध्ये आला तो शाळेत मतदान आहे समजून! चहा मिळाला म्हणून थांबला. मग येतच राहिला. गेल्या ईस्टरला बाप्तिस्मा घेतला — एवढ्या वयात! — मुलांना बागेत डुंबायला असतो ना, तसला फुगवायचा हौद होता, त्यात. कॅमेरनने त्याला पाण्यातून वर काढलं तेव्हा दोघंही रडत होते. आम्हीही.

आज म्हणाला, "हॅलोरन स्ट्रीटवरून फोन आला होता. चांगला बोलला पोरगा. म्हणाला, आमची उपासना तुम्हाला घरबसल्या टीव्हीवर बघता येईल."

"मग तू काय म्हणालास?"

"म्हटलं, टीव्ही माझ्या कपात दूध घालतो का? 'वॉल्टर, गुडघा कसा आहे' विचारतो का?" हसला. मग गालावरून हात फिरवला. "रविवारी दाढी करायची सवय लागलीय गं. आता कोणासाठी करायची?"

डोक्यात तिडीक गेली माझ्या. टीव्ही लावा म्हणे! येशूने काय घरोघर टीव्ही वाटले होते?

रविवार, ९ जून

कॅमेरनचा संदेश मध्येच तुटला. हरवलेल्या मेंढराचं चाललं होतं. वाक्य अर्धं सोडून तो कागदाकडे बघत राहिला, मग म्हणाला, "गाऊ या आपण." लोसा तत्परतेने उठली आणि गीत उचललं. पिप, त्याची बायको, पहिल्या रांगेत मुलाचं जाकीट उगाचच उघडत-मिटत बसली होती. काय हाल करून ठेवलेत या पोराचे, त्या लोकांनी!

नंतर गाठलं त्याला पार्किंगमध्ये. म्हटलं, "कॅमेरन, काळजी करू नकोस. आम्ही लढणार. तुझ्यासाठी."

तो म्हणाला, "नोएलीन, नका लढू. प्लीज."

"का? भितोस त्यांना?"

"नाही. तुम्ही खूप केलंत. आता पुरे करा."

किती साधा! स्वतःचं सगळं हिरावलं जातंय आणि भांडण नको म्हणतो. मी त्याच्या पाठीवर थाप मारली. हाड लागलं हाताला. पिपला सांगायला हवं, जरा खायला घाल म्हणून.

सोमवार, १० जून

सुट्टी. लेस फुटबॉलची मॅच बघत होता. जाहिराती लागल्यावर मान न वळवता म्हणाला, "तुझ्या त्या पाळकाला काय झालंय? परवा पेट्रोल पंपावर भेटला. टाकी भरून झाली तरी नळी धरून उभा."

"नोकरी जातेय त्याची! काय होणार दुसरं?"

"हं," म्हणाला. "असेल." मॅच सुरू झाली.

शनिवार, १५ जून

डेझमंडना फोन केला. घेतला नाही. परत केला. घेतला नाही. मोठे लोक!

लोसा म्हणते आपण हॉल आपल्या नावाने घेऊ, चर्च नाही तर नाही. मी म्हटलं, पाळक? ती म्हणे, कॅमेरन आहे की! त्याला विचारायला गेली तर पिपने दारातूनच सांगितलं, झोपलाय. भरदुपारी. लोसाचा चेहरा पडला. "नोएलीन, त्यालाही विकत घेतलं की काय त्यांनी?" मी भडकले तिच्यावर. कॅमेरन तसला नाही!

रविवार, २३ जून

शेवटची उपासना झाली.

डेझमंड आले होते, कोट-टायमध्ये, मयताला यावं तसे. हॉल भरलेला! हायवेवर गेलेली कुटुंबंसुद्धा आली, डोळे पुसायला. आता कशाला? मागच्या वर्षी आला असतात तर मयतच झालं नसतं, हे तोंडावर आलं होतं. एकीला म्हणालेच.

लोसाने तिच्या भाषेत गायलं. पोरांनी, बायांनी चार सुरांत उचललं. वॉल्टर दाढी करून, टाय लावून पुढे बसला होता. कॅमेरनने प्रभुभोजन दिलं. माझ्या हातावर भाकर दोनदा ठेवली. संदेश त्याने दिला नाही. डेझमंडनी दिला. आभार, कृतज्ञता, पेरलेलं बी. मग म्हणाले, "कोणाला चार शब्द बोलायचे आहेत का?"

होते. मी उठले.

काय काय बोलले, लिहून ठेवते. लाज नाही वाटत मला. म्हटलं — डेझमंड, तुम्ही आम्हाला मुलासारखं पाठवलंत आणि चालायला वेळ लागला म्हणून टाकून दिलंत. तुमच्या चर्चमध्ये बसायला गाद्या आहेत, भिंतीवर पितळी पाट्या आहेत, आणि तुम्हाला एक शाळेचा हॉल जड झाला. या तरुण माणसाचं आयुष्य मोडलंत तुम्ही. त्याच्याकडे बघा! तुम्ही मोडलंत! आणि नाव मात्र देवाचं घेताय.

मी डेझमंडकडे बघत होते — म्हटलं, आता तरी दे उत्तर!

ते उभेच होते. मग म्हणाले, "तुम्ही म्हणता ते सगळं माझ्यावर येऊ दे, नोएलीन. माझ्यावरच येऊ दे."

बस, एवढंच. बचाव नाही, माफी नाही. असल्या माणसांना बरोबर जमतं, नम्रतेतसुद्धा वरचढ राहायला! वॉल्टरने माझा हात दाबला. लोसा म्हणाली, "बोललीस ते बरं केलंस. नाहीतर मी बोलले असते, आणि मला आवरायला माणसं लागली असती."

कॅमेरन आशीर्वादाला थांबलाच नाही. मागच्या दाराने गेला. साहजिक आहे, कोणाला बघवेल?

खुर्च्या उचलल्या. डेझमंडही उचलत होते, टाय खांद्यावर टाकून. मी त्यांच्या रांगेला गेले नाही.

सोमवार, २४ जून

ठणकावून बोलले. झोप छान लागली.

गुरुवार, २७ जून

पिप आली होती. गाडी सामानाने भरलेली, मुलं मागे. माहेरी चाललेत सगळे, टास्मानियाला. आत ये म्हटलं, आली नाही. दारातच बोलली.

बंद करा म्हणून कॅमेरननेच सांगितलं होतं. उन्हाळ्यात एका रविवारी उपासनेला निघाला आणि पुलावर गाडी थांबवून कठड्यापाशी जाऊन उभा राहिला. तिथून डेझमंडना फोन केला. डेझमंड तिथे पोहोचेपर्यंत त्याच्याशी फोनवर बोलत राहिले. तेव्हापासून उपचार चालू आहेत. त्याच्या जागी यायला डेझमंडनी कितीजणांना विचारलं, कोणी तयार होईना. आणि पाळक खचला म्हणून मंडळी मिटली असं कोणी कधी म्हणता कामा नये, दोष सगळा आपल्यावर घ्यायचा — हेही डेझमंडनीच ठरवलं.

मी म्हटलं, "मग आज मला का सांगतेस?"

"रविवारी तुम्ही त्यांना जे बोललात ना, कॅमेरन ऐकत होता. त्यानंतर तो जेवलेला नाही."

गाडी गेली. मी दारातच उभी.

दर रविवारी वॉल्टरला गुडघा कसा आहे विचारायचे. कॅमेरनला तीन वर्षं मी पहिलं वाक्य एकच बोलायचे — हॉलची किल्ली आणलीस ना?