पोरेकुच्या चार गोळ्या

४ नोव्हेंबर, मंगळवार

पोरेकु आजही आला नाही. सगळं गाव आंब्याखाली रांगेत, आणि हा नदीवर होडीची भोकं बुजवत बसला! नदीकाठच्या आंधळेपणावरच्या गोळ्या वाटायचं माझं हे सतरावं वर्ष. यंदा रजिस्टरात चारशे सात नावं. चारशे सहांपुढे खूण. एका चौकटीत काही नाही. सोळा वर्षं तीच चौकट.

बाकी दिवस मजेत गेला. मापाची काठी आंब्याला टेकवून उभी करते मी. तिच्यावर चार रेघा. डोकं ज्या रेघेला लागेल तितक्या गोळ्या. यात भांडण्यासारखं काय आहे? पण बायका डोक्यावर केसांचा डोंगर बांधून येतात. माप डोक्याचं, केसांचं नाही — असं म्हटलं की फुगतात. पुरुषांना चारच हव्यात. तीन म्हणजे कमी पुरुष! माझा नवरा दाबुओ दरवर्षी टाचा उचलतो, आणि दरवर्षी मी त्याच्या पावलावर पाय ठेवते. तीन. "बाहेरच्यांना तरी एवढं छळत नाहीस," म्हणाला. रांग हसली.

संध्याकाळी सिस्टर क्लोटिल्डा मोटारसायकलवर आली. दवाखान्याची नर्स, माझ्या निम्म्या वयाची. रजिस्टर चाळलं. म्हणाली, जानेवारीत तपासणीवाले येतील, लहान पोरांच्या बोटाला सुई टोचून रक्त बघतील. पोरं स्वच्छ निघाली तर या गावाच्या गोळ्या पुढे कधीतरी बंदसुद्धा होतील. मग त्या रिकाम्या चौकटीवर बोट ठेवलं आणि विचारलं, इथे काय आहे.

"गाढव आहे," मी म्हटलं. "तेवढं एकच राहिलंय."

तिने तिच्या कागदावर "१" लिहिलं. मला तो आकडा आवडला नाही.

५ नोव्हेंबर

ही वही सिस्टरने दिली. गोळी घेतल्यावर कोणाला काय होतं ते लिही म्हणाली. कोणाला काही होत नाही. खाज सुटते, पोटातले जंत पडतात, लोक खूश. मग रिकामी पानं माझी. मी तिसरीपर्यंत शिकले. कोणी वाचणार नाही, तर चुकलं काय नि बरोबर काय.

७ नोव्हेंबर

नदीवर गेले. खडकांजवळ पाणी उसळतं तिथे त्याची होडी बांधलेली असते, आणि काळ्या कुबड्या माश्याही तिथेच. त्या चावल्या की अंगात किडे शिरतात, आधी खाज सुटते, मग डोळे जातात. पाचदा चावल्या मला. तो उघड्या पायांनी बसलेला. नडग्यांवर बिबट्यासारखे पांढरे ठिपके. हातात मक्याचं बुरकुंड, त्याने खाजवत होता. कातडीचं पार साल झालंय. उजवा डोळा कधीच गेला. दुधाचा थेंब पडल्यासारखा दिसतो. डावा आता पाणावलेलाच असतो. परवा बाजाराच्या बायकांनी भरलेली होडी त्याने धक्का सोडून पुढेच नेली. बायका ओरडल्या तेव्हा कळलं त्याला.

मी सांगितलं, गेलेला डोळा येत नाही, पण आहे तो राहील. माझ्या सासूला सगळे काठीच्या टोकाला धरून चालवायचे, तशी पाळी येऊ देऊ नकोस.

"कुत्रेखाऊ लोकांनी दिलेलं मी खात नाही," तो म्हणाला.

दुसऱ्या कोणाला म्हणाला असता तर मारामारी झाली असती. पण मी फ्राफ्रा जमातीची, आणि हे गाव डगारांचं. आमची आणि त्यांची पिढ्यान् पिढ्या चेष्टेची सोयरीक. मी त्यांना गुलाम म्हणावं, त्यांनी मला म्हणावं. कुत्र्याचं डोकं कोणाच्या आजोबाने चोरलं यावर जन्मभर भांडावं. पण रागवायचं नाही, आणि चेष्टेच्या माणसाने हक्काने काही मागितलं तर नाही म्हणायचं नाही. गोळ्या वाटायला गावाने मलाच का निवडलं? याचसाठी! मी कोणालाही झापू शकते.

फक्त याच्यापुढे हात टेकले.

९ नोव्हेंबर, रविवार

चर्चहून येताना पिटो विकणारीच्या मांडवात बसलो. ज्वारीची दारू चांगली आंबली होती. मी पोरेकुच्या नावाने बोटं मोडत होते. दाबुओने तुंबा खाली ठेवला आणि मला विचारलं, तुला खरंच आठवत नाही का?

नाही आठवत, म्हटलं.

मग त्याने सांगितलं. पहिल्या वर्षी पोरेकुने घेतली होती गोळी. अंगात किडे फार, म्हणून फार सुजला. तोंड, डोळे, सगळंच. तेव्हा माझी जीभ आजच्याहून लांब होती. भर बाजारात मी ओरडले — भोपळा चालला बघा, कोणी घेता का भोपळा. बाजार लोळला. पोरं वर्षभर त्याला भोपळा म्हणायची. त्याची नवीन बायको त्याच हंगामात माहेरी गेली, ती आलीच नाही.

"आणि मला एका शब्दाने बोलला नाही?"

"कसं बोलणार? तू फ्राफ्रा. तुझ्यावर रागवायची त्याला सोय कुठे होती?"

म्हणून तो गोळीवर रागावला. सोळा वर्षं. मी त्याला गाढव म्हणत होते.

पिटो संपवला नाही मी. दाबुओने संपवला.

१० नोव्हेंबर

गिनी कोंबडी घेऊन गेले त्याच्याकडे. कोंबडी ठेवून घेतली. मला परत पाठवलं.

१२ नोव्हेंबर

पोरेकुची थोरली बहीण आयुओ आज सकाळी गेली. ऐंशीच्या पुढची असेल. झोपेत गेली. लग्न होऊन मी या गावात आले तेव्हा मला पहिली शिवी तिने दिली होती. त्या दिवशी वाटलं, आता मी इथली.

लाकडी पट्ट्यांचे बाजे वाजायला लागले अंगणात. तिला नवं लुगडं नेसवून रीतीप्रमाणे मचाणावर बसवलंय. सुंदर दिसते.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

आज मी जे केलं ते केलं.

आयुओला मचाणावरून उतरवलं, कबरीकडे न्यायला उचललं, आणि मी वाटेत आडवी पडले. माझा हक्कच आहे तो. डगारा मेला की फ्राफ्राने वाट अडवायची, काहीतरी पदरात पडल्याशिवाय उठायचं नाही. कोणी अडवलंच नाही तर मेलेल्याची किंमत काय? सगळ्यांना माहीत होतं मी पडणार. हसत हसत थांबले. एकाने कोंबडी आणली. मी मान हलवली. मग दाबुओच्या चुलत्याने खरोखरच कुत्र्याचं डोकं आणलं! कुठून आणलं देव जाणे. लोकांना वाटलं, आता ही उठणार.

मी म्हटलं, मला हे नको. मला पोरेकुच्या पोटात चार गोळ्या हव्यात.

बाजे थांबले. तो पुढे आला. कमरेला शोकाची दोरी, दुःखात स्वतःला काही करून घेऊ नये म्हणून टोक धरून मागे पुतण्या.

"ऊठ. माझी बहीण उन्हात आहे."

"तिला घाई नाही. मला आहे."

"गेल्या वेळी मी सुजलो. तू भोपळा म्हणालीस."

"म्हणाले. वाईट केलं मी."

सगळे कानकोंडे झाले. चेष्टेच्या माणसाने माफी मागायची नसते, सगळी सोयरीकच बिघडते. माझ्या लक्षात आलं. मग सावरून म्हटलं, "भोपळा म्हणायलाच नको होतं. तू कोनफळासारखा दिसत होतास."

मागून एक म्हातारी फिसकन् हसली. मग दुसरी. पोरेकुचं तोंड हललं. हसला नाही, पण हललं.

म्हणाला, "पुन्हा सुजलो तर तू माझ्या दारात बसायचं. सूज उतरेपर्यंत. येईल त्याला सांगायचं की फ्राफ्रा डगारांचे गुलाम."

"सांगेन."

"आणि कुत्र्याचं डोकं तुझ्या आजोबाने चोरलं."

"ते नाही सांगणार."

तो परत वळायला लागला. मी घाईघाईने म्हटलं, बरं, तेही सांगेन!

काठी मी सकाळीच कुंपणाला टेकवून ठेवली होती, गोळ्या पदरात. मी वाटेवरून हलले नाही, दाबुओकडून काठी धरून घेतली. पोरेकु आधी वाकून उभा राहिला, मग सगळ्यांकडे बघून ताठ झाला. चार. ताप नाही ना, आजारी नाहीस ना, विचारून घेतलं. पाणी दिलं. जीभ वर करून दाखव म्हटलं. दाखवली. मग मी उठले, धूळ झटकली आणि आयुओला वाट दिली.

कबरीपाशी खूप रडले. ते खरं होतं.

१५ नोव्हेंबर

सुजला.

पापण्या, ओठ, घोटे. अंगभर खाज, ताप. सिस्टरला निरोप धाडला, ती आली. म्हणाली, किडे मरतायत, म्हणून होतंय, भिऊ नका. गोळ्या दिल्या तापावर आणि खाजेवर. ओल्या कापडाने पुसत राहा म्हणाली, आणि श्वास लागला किंवा उभं राहता आलं नाही तर तत्काळ बोलवा.

मी त्याच्या दारात बसले. येईल त्याला सांगितलं. दुपारपर्यंत घसा बसला. दाबुओ तीनदा आला, दरवेळी नवीन मित्र घेऊन! आतून पोरेकु सुजलेल्या तोंडाने म्हणायचा, ऐकू आलं नाही, पुन्हा सांग.

१६ नोव्हेंबर, रविवार

ताप उतरला नाही. आज तो मला पुन्हा सांग म्हणाला नाही. ते मला आवडलं नाही.

विहिरीवर तिघी जणी म्हणत होत्या, पुढच्या वेळी पोरांना आणणार नाही. हा मेला तर आंब्याखाली कोणी येणार नाही, काठी घेऊन मी एकटी उभी राहीन. पण खरं सांगायचं तर मला दिवसभर रांगेची आठवणही नव्हती. कापड भिजवत होते, पिळत होते. माझ्यामुळे सोळा वर्षं बिनगोळीचा राहिला, आणि माझ्यामुळेच आता असा पडलाय.

दारात मात्र गर्दी. चर्च सुटलं की सगळे इकडेच. होडीने दहा-बारा अनोळखी लोकही आले. आले, उभे राहिले, मी माझं वाक्य म्हटलं, कोणी हसलं नाही. एकाने विचारलं, हा जगेल का?

"माझ्याआधी मरायची त्याची हिंमत नाही," म्हटलं. ते गेले. पलीकडच्या काठाचे असतील.

१७ नोव्हेंबर

ताप गेला. साब, म्हणजे पिठाचा घट्ट गोळा, आणि भेंडीचं कालवण खाल्लं. म्हणाला, मीठ कमी.

जिवंत आहे!

१८ नोव्हेंबर

सूज उतरली. दोन्ही घोटे दिसायला लागले. आज सकाळी पोहोचले तर झोपलेला. उन्हं वर आली तरी झोपलेला. त्याची सून म्हणाली, खाजवण्याचा आवाज नाही आला म्हणून मीच घाबरून दोनदा बघून आले. बुरकुंड कोपऱ्यात पडलं होतं. मी चुलीत टाकलं.

उठल्यावर माझ्याकडे डाव्या डोळ्याने बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, फ्राफ्रिणी, तू जवळून आणखीच कुरूप आहेस.

घरी येऊन रजिस्टर उघडलं. खूण केली. एवढी दाबून केली की मागच्या पानावर उमटली. चारशे सात! सिस्टरला निरोप दिलाय, तुझ्या कागदावरचा एक खोड. दाबुओने आनंदाने पिटो मागवला. मीही प्यायले, या वेळी तुंबा पूर्ण संपवला.

२३ नोव्हेंबर, रविवार

पोरेकु आला होता. नदीच्या मधल्या बेटावर मासेमाऱ्यांची वस्ती आहे, ती मी लांबून पाहिलेली. आम्ही समजतो ती पलीकडच्या देशाची, पलीकडचे समजतात आमची. गेल्या रविवारी दारात आले होते ते तिथलेच. त्यांची नावं या काठाच्या रजिस्टरात नाहीत, त्या काठाच्याही नाहीत. आजवर एक गोळी कोणी दिली नाही. पोरेकु जगला हे त्यांनी पाहिलं. आता त्यांना हव्यात.

"किती आहेत?" विचारलं.

"पोरं धरून एकसष्ट. त्यांतले चार माझ्यापेक्षा आंधळे."

आणि मी सांगत होते, एकच राहिलाय.

सिस्टरला लगेच निरोप धाडला, ती उद्या सकाळीच गोळ्या घेऊन येते. होडी हा एका डोळ्याने हाकणार. मला पोहता येत नाही. काठी घेऊन मधोमध बसेन.