बेकरी चालत जाण्याइतकी जवळ

शनिवार, ऑगस्ट २०१६. क्वीन्सटाउन, सिंगापूर.

अजून डोकं ठिकाणावर नाही. रिटायर झाल्यावर दक्षिण स्पेनमधल्या एखाद्या खेड्यात घर घ्यायचं, हे आमचं दोघांचं ठरलेलं. निदान मी तसं धरून चाललो होतो. मला डोंगरावरचं, ऑलिव्हच्या बागेतलं एकटं घर हवं होतं. माझी बायको वैदेही मात्र गावातल्याच घरावर अडून बसलेली. कुठलंही घर दाखवलं की तिचा एकच प्रश्न, "बेकरी चालत जाण्याइतकी जवळ आहे का?" वैताग आला होता मला त्या बेकरीचा. ब्रेडसाठी कोणी डोंगर सोडतं का?

आज हॉकर सेंटरमधल्या खाण्याच्या स्टॉलवर जेवताना शेवटी म्हटलं, "अगं, गाडी घेऊ की! बेकरी कितीशी लांब?"

तिने चमचा खाली ठेवला. "तुला येते गाडी?"

नाही येत. इथे एमआरटीची मेट्रो आहे, आणि पुण्याला गेलो की गाडी वैदेहीच चालवते. कशाला शिकायची?

"मी स्पेनला येणार नाहीये," ती अगदी शांतपणे म्हणाली. "मी पुण्याला परत जाणार. स्वप्न तुझं आहे, तू जा. म्हणून तर बघत होते, तुला एकट्याला चालत जाऊन दूध-ब्रेड आणता येईल असं घर."

म्हणजे इतके महिने ती माझं घर शोधत होती. माझं एकट्याचं. ती बेकरीसुद्धा माझ्यासाठीच.

आणि हे ऐकल्यावर माझ्या तोंडून पहिलं वाक्य काय निघावं?

"मग गाडी कोण चालवणार?"