नानांच्या वाटीतली खळ

परळ, रविवार

चि. कालिंदीस आशीर्वाद.

फोन उचलायला हात झडले का तुझे? ह्यांची कामावरची वाट तुझ्या दारावरून, म्हणून कागद पाठवते. कॉर्नफ्लॉवरचा पुडा ठेवलास, नानांना दे म्हणालीस नि पळालीस. आहे काय ते? मक्याचं पीठ म्हणतेस, तर मका पिवळा नि हे पांढरंफेक! चिमटीत धरलं तर करकरतं. दुकानदार म्हणतो सूपला, मंच्युरियनला घाला. शेजारची शांता म्हणते सुती साडीला लाव, कडक होते. मग मी बापाला खायला घालू की इस्त्री करू?

तरी पाण्यात शिजवून नेलं, तर वाटी बघून नानांनी तोंडच फिरवलं. म्हणाले, ही खळ. गिरणीत जन्मभर सुताला चढवली, आता मला चढवता? पाणी दिलं तर ठसका, हे दिलं तर राग. मी करू काय?

अंबिका

अँटॉप हिल, सोमवार

ती. ताईस सा. न.

चिडू नकोस गं, माझ्या श्रेयाची परीक्षा चालू आहे. पीठ मक्याचंच, पण दाण्याच्या आतलं पांढरं सत्त्व. थेट गरम पाण्यात टाकू नकोस, गुठळ्या होतात. थंड पाण्यात कालव, मग शिजव. पॅटिस त्यानंच फुटत नाही, रस्सा त्यानंच दाट होतो. आणि खळही त्याचीच करतात, नाना खोटं बोलत नाहीत. पण अर्धांगाचा झटका आल्यापासून नाना पातळ काही प्यायले की छातीत जातं. म्हणून डॉक्टरांनी सगळं दाट करून द्यायला सांगितलंय. तू समजाव. तुझंच ऐकतात ते. रागातही माया असू दे.

कालिंदी

परळ, मंगळवार

चि. कालिंदीस आशीर्वाद.

समजावलं. त्यांच्यासमोर मीच वाटीभर प्यायले. मग नाना म्हणाले, मी गिरणीतून आलो की अंगाला खळीचा वास येतो म्हणून धाकटी मांडीवर बसायची नाही. आता तिनंच माझ्यासाठी खळ धाडली. ती प्यायली तर मी पिईन.

पिठाचं भांडण कुठून कुठे गेलं, मला काही कळेना. आपले नाना असं मनात धरून बसले होते? तुला ठाऊक होतं?

पोटात काही गेलं नाही, तर शुक्रवारी डॉक्टर नाकातून नळी घालणार म्हणतात. श्रेयाचा पेपर श्रेया लिहील, तू ये. त्यांना अगदी चिकटून बस नि वाटी आधी स्वतःच्या तोंडाला लाव. साखर मी घालते. येतेस की नाही, ते उद्या बुधवारी संध्याकाळपर्यंत ह्यांच्या हाती लिहून दे. आणि ‘बघते’ असं लिहायचं असेल, तर कागद कोराच पाठव.

अंबिका