भिंतीत बसवलेलं कपाट

२ जून
रात्रभर डोळ्याला डोळा नाही. भाऊजींमुळे. ह्यांचे थोरले भाऊ. आजारी भावाला बघायला आले — आणि बघितलं काय, तर कपाट! वीत लावून मापलं. "मुकवाचं लाकूड. दोघांनी धरलं तर निघेल दारातून." नवरा तिथंच खोकतोय माझा!
आमच्यात नवरा गेला की त्याची माणसं येतात, घर झाडून नेतात. शेजारच्या बेसाचा नवरा गेला, तर तिचा न्शिमा, मक्याचं पीठ, ढवळायचा दांडासुद्धा नेला.

४ जून
ह्यांना सांगितलं. वाटलं, चिडतील. हसले! सुतार माणूस. म्हणाले, "मोड ते कपाट. त्याच फळ्या भिंतीत बसवू. भिंत कोण खांद्यावर घेऊन एनडोला शहरभर फिरणार?"
ह्यांच्यात उठायचं बळ नाही. म्हणजे करायचं मीच.
पलंगावरून हुकूम — "अगं रेटू नको, करवत आपली आपण जाते! न्शिमा ढवळतेस काय?"
पहिली फळी तिरकी कापली. रडले. "राहू दे, ती खाली लाव. बुपेची आई, तिथं कोण बघतंय!"

९ जून
भिंतीत भोकं पाडली. सिमेंट भरलं. हात फुटलेत, मिठाला हात लावला तरी झोंबतं.
खाली पिठाचं पोतं, मधे लेकीचे, बुपेचे कपडे, वर ह्यांचे रंधे. बुपे पोत्याशेजारी बसून ताटली बडवते.
ह्यांनी दार उघड-मीट करायला लावलं. किती वेळ ऐकत होते. "छान. शाबास, मिस्त्री!"

१० जून
दोन घास कापेंता खाल्ला ह्यांनी. मासे खारट झालेत म्हणाले. बरं वाटलं मला.

१७ जून
हे गेले.

१९ जून
माती झाली. मी रीतीप्रमाणे गादीवर, तोंडावर कापड. बोलायचं नाही. शेगडी गेली, खुर्च्या गेल्या, माझा फोन गेला — नुसतं ऐकायचं.
मग आतल्या खोलीत पहार. ठक, ठक. "निघत नाही हो हे! भिंत येतेय सोबत!"
कापडाआड हसले मी. देवा, हसले!
मग भाऊजींचा आवाज. "नका तोडू. कपाट आपल्याकडं येत नाही ना? मग आपण जाऊ कपाटाकडं. माझा थोरला लग्न करून राहील इथं. हिला सकाळच्या बसनं माहेरी धाडा."
घर कुणाला सुचलं नव्हतं तोवर. कपाट भिंतीत बसवून मीच दाखवलं.

२० जून
बुपेला घेऊन आतल्या खोलीत शिरले. कडी लावलीय, पलंग दाराला लावलाय. बाहेरून भाऊजी — "बुपेची आई, तमाशा करू नको! बस उभी आहे!" दार हलतंय.
हे पान खिडकीतून रस्त्यावर टाकते. कुणी वाचत असाल तर माझ्या भावाला फोन करा. कापेंब्वा नाव. कित्वेच्या बाजारात टायर दुरुस्त करतो. नंबर मागं लिहिलाय. म्हणावं, मी निघाले नाही अजून. लवकर करा, पाया पडते.