परसातलं पहिलं भरीत

धुळे. मार्गशीर्षातली संध्याकाळ.

परसातली वांगी आज पहिल्यांदा निघाली. रोपं यांनीच लावली होती, घशाच्या ऑपरेशनच्या आधी. आता यांचं सगळं जेवण नाकातल्या नळीतून. मी वांगी शेजारी देऊन टाकणार होते. भाजली तर वास घरभर जाईल, मग यांना काय वाटेल?

पण यांनीच अंगणात कपाशीच्या काड्या पेटवल्या आणि वांगी भाजली. मी मिरच्या, लसूण, शेंगदाणे घालून भरीत ठेचलं. तो वास खरंच घरभर गेला.

ताट घेऊन मी स्वयंपाकघराकडे वळले. हल्ली तिथेच पाठ करून खाते, यांना दिसू नये म्हणून.

हे घोगऱ्या आवाजात म्हणाले, "मन्हा समोर बशीसन खाय."

म्हणजे इतके दिवस यांना कळत होतं.

मी समोर बसले. भाकरीचा घास घेतला आणि डोळे भरून आले. मिरची तिखट आहे म्हटलं.

"कसं व्हयनं?"

काय सांगू? चांगलं म्हणावं की नाही? शेवटी खरं तेच सांगितलं. धुराची चव छान उतरलीय, मीठ जरा कमी पडलं.

यांनी डोळे मिटून ऐकलं. मग उठून मीठ आणलं आणि माझ्या ताटात वाढलं.